शयनगृहातील विसाव्याचा कोपरा: फणसाची फळी, माणग्याची काठी आणि खारी हवा

मालवण, वेंगुर्ले, देवगड या किनाऱ्यावरील घरांत नाताळाच्या किंवा लग्नकार्याच्या निमित्ताने नवीन फर्निचर येते. पलंग, आरशाचे टेबल, पुस्तकांचे कपाट असे सारे चकचकीत आणि एकसारख्या रंगाचे असते. मे महिन्यात मुंबईहून किंवा आखाती देशांतून आलेली मुले परत जातात, खोली बंद होते आणि पावसाळा सुरू होतो. ऑक्टोबरमध्ये दार उघडावे तर कपाटाच्या खालच्या कडा फुगलेल्या, दारे न लागणारी आणि पाठीमागची पातळ फळी बुरशीने काळवंडलेली. वस्तूचे हप्ते मात्र अजून संपलेले नसतात.

यात नेहमीच विक्रेत्याची लबाडी असते असे नाही. बाजारातील स्वस्त फर्निचर बहुधा पार्टिकल बोर्डाचे असते. लाकडाच्या चिपा आणि भुसा युरिया-फॉर्मल्डिहाइड जातीच्या गोंदात कालवून दाबून हे तक्ते तयार करतात. कोरड्या हवेच्या शहरात ते बरी सेवा देतात. आपल्या जिल्ह्यात मात्र वर्षाला सुमारे ३००० मिलिमीटर पाऊस पडतो आणि जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडतो. सततच्या दमटपणाने तो गोंद हळूहळू सुटतो, चिपा पाणी शोषून फुगतात आणि एकदा फुगलेली कड पुन्हा पूर्ववत होत नाही. आणि गंमत अशी की, त्याच घराच्या माळ्यावर आजोबांच्या काळातील फणसाच्या चार फळ्या धूळ खात पडलेल्या असतात आणि त्यांना काही झालेले नसते.

म्हणून आपल्या निजण्याच्या खोलीत विसाव्याचा एक लहानसा कोपरा, म्हणजे एक बाक, एक उभी मांडणी, एक दिवा आणि थोडी सजावट, आपणच तयार करावा असे येथे सुचवावयाचे आहे. हौस हे त्याचे एक कारण आहेच. परंतु आज आपल्या अनेक वाड्यांत घरी राहणारी माणसे वयोवृद्ध आहेत. त्यांचा दुपारचा बराच वेळ त्याच खोलीत जातो. त्यांना गुडघे न दुखता बसता येईल आणि उठता येईल अशी एक जागा असणे ही चैनीची बाब नव्हे.

कोपऱ्याची निवड

आपला पाऊस नैर्ऋत्येकडून येतो. त्या अंगाच्या बाहेरच्या भिंतीवर चार महिने झड बसते. जांभ्याचा चिरा सच्छिद्र असल्यामुळे तो पाणी धरतो, आणि जमिनीतील ओलही त्यातून वर चढते. तेव्हा त्या भिंतीला लागून काहीही मांडू नये. दोन खोल्यांमधील आतली भिंत सर्वांत उत्तम. तीही नसेल तर फर्निचर आणि भिंत यांत निदान तीन इंच मोकळी जागा ठेवावी, म्हणजे मागून हवा खेळते. पावसाळ्यात त्या फटीत हात घालून पाहावा. भिंत थंड व चिकट लागली तर अंतर आणखी वाढवावे.

उजेडासाठी नवीन खिडकी पाडण्याची गरज नाही. कौलारू छपरात एखादे काचेचे कौल बसविले तरी कोपरा उजळतो. (ज्यांना आपण मंगळोरी कौले म्हणतो, त्यांचा पहिला कारखाना बासेल मिशनच्या मंडळींनी मंगळूर येथे १८६५ साली काढला. आपल्या घरांचे रूप त्यानंतर किती बदलले, हा एका स्वतंत्र लेखाचा विषय आहे.) मात्र काचेच्या कौलाखाली येणारे थेट ऊन गोधडीचे व पडद्याचे रंग उडविते. म्हणून बाक त्या उन्हाच्या पट्ट्यापासून हातभर बाजूला असावा.

लाकूड कोणते घ्यावे

फणसाचे लाकूड ताजे असताना पिवळे असते आणि वर्षानुवर्षे गडद होत तपकिरी होते. ते रंध्याखाली सहज गुळगुळीत होते आणि त्याचा गाभा वाळवीला बऱ्यापैकी दाद देत नाही. दक्षिणेत मृदंगाचे खोड आणि वीणा यांसाठी हेच लाकूड वापरतात, यावरून त्याची योग्यता समजावी. आंब्याचे लाकूड स्वस्त व मुबलक आहे, परंतु त्याला भुंगेरा लवकर लागतो आणि ओलीत ते लवकर कुजते. ते वरच्या कोरड्या भागांसाठी, पेटीसाठी किंवा चौकटीसाठी वापरावे, जमिनीला टेकणाऱ्या पायांसाठी वापरू नये. माडाचे लाकूड बाहेरून लोखंडासारखे आणि आतून भुसभुशीत असते. म्हाताऱ्या माडाच्या बाहेरच्या काळपट भागाचे पाय उत्तम होतात. गाभ्याचा भाग घेतल्यास फसगत ठरलेली.

१६ मे २०२१ रोजी तौक्ते चक्रीवादळ आपल्या किनाऱ्याजवळून गेले, तेव्हा जिल्ह्यातील असंख्य आंबे, फणस आणि माड उन्मळून पडले. काही घरांनी त्या झाडांच्या फळ्या कापून ठेवल्या. त्या आडोशाला नीट रचून ठेवल्या असतील तर आज त्या वापरण्याजोग्या सुकलेल्या असणार. उभे झाड तोडण्याचा विचार असेल तर आधी परवानगी घ्यावी लागते. महाराष्ट्रातील वृक्षतोडीविषयीच्या १९६४ च्या कायद्याने आंबा, फणस यांसारख्या अनेक झाडांची तोड नियंत्रित केली आहे, मग झाड आपल्या परसात का असेना.

ओली फळी मात्र कोणीही वापरू नये. हवेवर सुकण्यास फळीच्या प्रत्येक इंच जाडीला साधारण एक वर्ष लागते, असा सुतारांचा ठोकताळा आहे. फळ्या एकावर एक रचताना मध्ये समान जाडीच्या पट्ट्या घालाव्यात, रास जमिनीपासून फूटभर उंच ठेवावी, वरून पाऊस लागू देऊ नये आणि फळ्यांच्या दोन्ही टोकांना जुना रंग फासावा. लाकूड टोकांकडून सर्वांत वेगाने सुकते आणि म्हणूनच तेथे तडकते. फळी सुकली की नाही हे पाहण्याची घरगुती रीत अशी: त्याच फळीचा एक तुकडा दर आठवड्याला वाण्याच्या तराजूवर तोलावा. ओळीने तीन-चार आठवडे वजन उतरले नाही म्हणजे फळी तयार झाली. ही परीक्षा पावसाळ्यानंतर, डिसेंबर ते मे या काळातच घ्यावी.

माळ्यावर काहीच नसेल तर प्लायवूड घ्यावे लागेल. त्यावर आय. एस. ७१० हा शिक्का पाहावा. हे उकळत्या पाण्यालाही टिकणाऱ्या गोंदाचे, मरीन म्हणून ओळखले जाणारे प्लायवूड होय. आय. एस. ३०३ चा माल त्यापेक्षा स्वस्त असतो आणि आतल्या कोरड्या खोलीत चालतो. दोन्हींच्या कापलेल्या कडा मात्र रंगाने किंवा वॉर्निशने बंद केल्याच पाहिजेत, कारण पाणी कडेनेच शिरते.

बाक

चार फूट लांब आणि दीड फूट रुंद बाक दोघांना बसण्यास व एकाला पाय आखडून पडण्यास पुरतो. उंचीच्या बाबतीत पुस्तकी मापावर विसंबू नये. ज्यांच्यासाठी बाक करावयाचा त्यांना खुर्चीवर बसवून, तळपाय जमिनीवर सपाट टेकलेले असताना, गुडघ्यामागच्या खळगीपासून जमिनीपर्यंतचे अंतर मोजावे. बहुतेकांचे ते सोळा ते अठरा इंच भरते. वृद्धांसाठी त्यात एक इंच मिळवावा आणि एका बाजूला हात टेकण्यास आडवी पट्टी द्यावी. तेवढ्याने उठताना दुसऱ्याचा आधार मागावा लागत नाही.

बैठकीसाठी एक इंच जाडीच्या, चार-साडेचार इंच रुंदीच्या चार पट्ट्या घ्याव्यात आणि त्यांमध्ये पाव इंचाची फट ठेवावी. एकच रुंद फळी दिसायला भारदस्त वाटते खरी, पण लाकूड पावसाळ्यात आडवे फुगते आणि उन्हाळ्यात आकसते. लांबीत मात्र ते जवळजवळ बदलत नाही. रुंद फळी दोन्हीकडून आवळून धरली की ती एक तर वाकते, नाही तर मधोमध तडकते. अरुंद पट्ट्यांना फुगण्यास जागा मिळते आणि गादीखाली हवाही खेळते. पाय दोन इंच चौरस असावेत. चार फुटांच्या लांबीत मधोमध एक आडवा आधार द्यावा, नाही तर दोन वर्षांत बैठक झोळीसारखी होते.

सांधे शक्यतो खाच पाडून, त्यात दुसऱ्या तुकड्याचे टोक बसवून आणि आरपार बांबूची मेख ठोकून करावेत. ज्यांना पटाशी चालविण्याचा सराव नाही, त्यांनी हे चार सांधे गावातील सुताराकडून करून घ्यावेत. त्यात कमीपणा काही नाही. कापणे, घासणे, तेल देणे ही कामे घरातील मुलांना सहज जमतात आणि ती त्यांना आवडतातही.

खिळ्यांबद्दल थोडक्यात. साधा लोखंडी खिळा खाऱ्या हवेत गंजतो, गंजताना फुगतो आणि भोवतालचे लाकूड काळे करून फाडतो. पितळी स्क्रू किंवा स्टेनलेस स्टीलचे स्क्रू घ्यावेत. समुद्र अगदी दारात असेल तर ३१६ प्रतीचे, कारण त्यातील मॉलिब्डेनम हा धातू मिठाला तोंड देतो. किंमत जास्त पडते, पण एका बाकाला लागतात तरी किती?

वरून जवसाचे उकळलेले तेल फडक्याने पातळ लावावे, अर्ध्या तासाने जादा तेल पुसावे, एक दिवस जाऊ द्यावा आणि असे तीन वेळा करावे. येथे एक महत्त्वाची सूचना: या तेलाची फडकी चुरगळून कोपऱ्यात टाकू नयेत. तेल सुकताना उष्णता निर्माण होते आणि गोळा झालेली फडकी आपोआप पेट घेऊ शकतात. ती उघड्यावर पसरून पूर्ण वाळू द्यावीत, मगच टाकावीत. पायांच्या तळव्यांना आपल्याकडे होड्यांना लावतात तसे काजूच्या टरफलांचे तेल लावता येते. पण ते त्वचेला भाजते, म्हणून हातमोजे घालावेत आणि बसण्याच्या भागाला ते मुळीच लावू नये.

माणग्याची मांडणी

आपल्या बांधांवरचा माणगा हा बांबू जवळजवळ भरीव, बिनकाटेरी आणि सरळ असतो. देशातील बहुतेक बांबू आतून पोकळ असताना आपल्या दारात असा बांबू उगवतो, याची आपल्याला पुरेशी जाणीव नाही. कुडाळ येथे २००४ साली कोकण बांबू अँड केन डेव्हलपमेंट सेंटर, म्हणजे ‘कॉनबॅक’, ही संस्था सुरू झाली. तेथे बांबूच्या खुर्च्या, पलंग आणि संपूर्ण घरेसुद्धा तयार झाली आहेत. ज्यांना बांबू म्हणजे गरिबीचे लाकूड वाटते, त्यांनी ती एकदा पाहावीत.

बांबू टिकत नाही ही तक्रार खरी आहे, पण दोष बांबूचा नसून घाईचा असतो. बांबूतील पिष्ट खाण्यासाठी भुंगेरा येतो आणि काठीतून पिठासारखी पूड गळू लागते. कोवळ्या काठीत आणि पावसाळ्यात नव्या कोंबांच्या वेळी कापलेल्या काठीत कीड लवकर शिरते. म्हणून तीन ते चार वर्षांची काठी, नोव्हेंबर ते फेब्रुवारी या काळात तोडावी. कोवळ्या काठीवर पांढरी भुकटी आणि पेरांना चिकटलेली सालपटे दिसतात. जून काठीवर शेवाळी डाग पडलेले असतात आणि तिच्यावर कोयती आपटली तर आवाज टणक येतो.

पूर्वी तोडलेल्या काठ्या महिनाभर वहाळात बुडवून ठेवीत. पाण्याने पिष्ट धुऊन निघे, वासाचा त्रास मात्र होई. आज अधिक खात्रीचा उपाय टाकणखार (बोरॅक्स) आणि बोरिक आम्ल यांचा आहे. वीस लिटर पाण्यात ६०० ग्रॅम टाकणखार व ४०० ग्रॅम बोरिक आम्ल, म्हणजे साधारण पाच टक्क्यांचे द्रावण होते. गरम पाण्यात ते लवकर विरघळते. माणगा भरीव असल्यामुळे द्रावण आत शिरण्यास वेळ घेते. चिरलेल्या पट्ट्या आठवडाभर आणि अखंड काठ्या दोन आठवडे बुडवून ठेवाव्यात, नंतर सावलीत सुकवाव्यात. उन्हात त्या फाटतात. हातमोजे वापरावेत, मुले व गुरे यांना त्या पिंपाजवळ फिरकू देऊ नये आणि उरलेले पाणी विहिरीच्या आसपास ओतू नये. हे क्षार पाण्याने धुऊन जातात, म्हणून अशी वस्तू घरातच ठेवावी. पागोळीखाली ठेवल्यास सारी मेहनत वाया जाईल.

मांडणीचा आकार शिडीसारखा करावा: पाच फुटांच्या चार उभ्या काठ्या, त्यांना जोडणारे आडवे तुकडे आणि त्यांवर चिरलेल्या पट्ट्यांचे तीन खण. बांबूत थेट खिळा ठोकू नये, तो उभा चिरतो. आधी गिरमिटाने भोक पाडून बांबूचीच मेख घालावी आणि वरून पाण्यात भिजवलेल्या वेताने आवळून बांधावे. वेत सुकला की गाठ घट्ट होते. बांबू विकत घेताना किंवा नेताना पूर्वी वनखात्याच्या परवान्याची अडचण येई. २०१७ साली भारतीय वन अधिनियमात दुरुस्ती होऊन बांबू ‘वृक्ष’ या व्याख्येतून वगळण्यात आला. त्यामुळे वनक्षेत्राबाहेर, आपल्या जमिनीत लावलेल्या बांबूपुरती ती अडचण दूर झाली आहे.

रंग आणि लाख

सजावटीचा विचार निघाला म्हणजे सावंतवाडीचे नाव आपोआप येते. तेथील चितार आळीतील लाकडी फळे व खेळणी घराघरांत पोचली आहेत. त्याच चितारी कारागिरांच्या हातची गंजिफा म्हणजे गोल पत्त्यांचा खेळ. दशावतारी गंजिफ्यात दहा अवतारांचे प्रत्येकी बारा असे १२० पत्ते असतात. ही कला विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत जवळजवळ विस्मृतीत गेली होती. सावंतवाडीचे शिवरामराजे भोसले आणि सत्त्वशीलादेवी यांनी १९७० च्या दशकात पुंडलिक चितारी या वृद्ध कलावंताकडून ती शिकून घेतली, राजवाड्यातच काम सुरू केले आणि नव्या पिढीच्या हाती ती सोपविली. पत्त्यांबरोबरच तेथे लाखेच्या रंगांनी चितारलेले फर्निचरही तयार होऊ लागले.

या पद्धतीतील एक गोष्ट घरी करता येण्याजोगी आहे. चिंचोके भाजून, सोलून, भिजवून वाटावेत आणि शिजवून खळ करावी. त्यात खडूची पूड कालवून लाकडावर पातळ थर द्यावा, सुकल्यावर घासावा. त्यावर रंग सुरेख बसतो आणि वेलबुट्टीची रेघ पसरत नाही. पाटावर किंवा आरशाच्या चौकटीवर मुलांनी काढलेली साधी वेलसुद्धा त्या खोलीला शोभा आणते.

वरून लाखेचे पॉलिश द्यावे का, याविषयी मात्र माझे मत सावध आहे. लाख सुंदर चमकते, पण ती उष्णतेने मऊ पडते आणि दमट हवेत तिच्यावर पांढरट झाक येते. चहाचा गरम पेला ठेवला की वलय उमटलेच. म्हणून चौकट, पेटी, भिंतीवरची पट्टी अशा वस्तूंना लाख द्यावी. ज्यावर पेला किंवा औषधाची बाटली ठेवायची त्या फळीला जवसाचे तेलच बरे.

दिवा, गादी आणि भिंत

नारळाच्या करवंटीला आतून-बाहेरून घासून, बारीक भोके पाडून दिव्याचे झाकण करता येते. त्यात पाच वॉटपर्यंतचा एल.ई.डी. दिवाच लावावा. जुना तारेचा बल्ब करवंटी करपवितो. बाकावरील गादीसाठी सावरीचा कापूस घ्यावा. तो हलका असतो, पाणी सहसा शोषत नाही आणि पावसाळ्यात साध्या कापसासारखा गोळा होत नाही. तो चटकन पेट घेतो, हा त्याचा दुर्गुण. अनेक घरांत याच कोपऱ्यात क्रूसाची लहान फळी असते. तेथे मेणबत्ती लावण्याची प्रथा असल्यास ती फळी गादीच्या व वाकळीच्या वर नव्हे, तर बाजूच्या भिंतीवर असावी आणि मेणबत्तीखाली पितळी ताटली असावी.

वाकळीबद्दल मी काय सांगावे? ती कशी शिवावी हे आपल्या घरातील आजीला या लेखापेक्षा अधिक चांगले ठाऊक आहे.

शिंपल्यांची सजावट करणाऱ्यांना दोन गोष्टी सांगणे आवश्यक आहे. किनाऱ्यावरून आणलेले शिंपले गोड्या पाण्यात तीन-चार दिवस, पाणी बदलत, भिजवावेत. त्यांतील मीठ राहिले तर ते हवेतील ओल ओढून घेते आणि चिकटवलेले शिंपले पावसाळ्यात गळून पडतात. दुसरे म्हणजे, प्रवाळ किंवा समुद्रपंखा कधीही आणू नये, कोणी विकत दिला तरी घेऊ नये. त्यांना १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचे संरक्षण आहे. सिंधुदुर्ग किल्ल्याभोवतालच्या पाण्यात प्रवाळ आहेत आणि तेथील २९.१२ चौरस किलोमीटरचा परिसर १९८७ पासून मालवण सागरी अभयारण्य म्हणून घोषित आहे.

देखभाल

घर बंद करून जाणाऱ्यांनी मे अखेरीस गादी व वाकळ उन्हात तापवून पत्र्याच्या पेटीत ठेवावी, मांडणीचे खण रिकामे करावेत आणि बाक खोलीच्या मध्यभागी ओढून ठेवावा. शेजाऱ्याकडे किल्ली देऊन, उघाड पडेल त्या दिवशी तासभर खिडकी उघडण्यास सांगता आले तर फारच उत्तम. ऑक्टोबरच्या उन्हात सर्व वस्तू दोन दिवस पडवीत काढाव्यात, बुरशी कोरड्या ब्रशाने घराबाहेर झाडावी, पायांच्या तळव्यांना वाळवीची मातीची नळी चढली आहे का हे पाहावे आणि बाकाला तेलाचा एक पातळ हात द्यावा. बांबूच्या खाली पिवळसर पूड दिसली, तर तेवढीच काठी काढून नवी बसवावी. वेताच्या बांधणीमुळे ती एकटी सोडविता येते.